मॉरिशसमध्ये राहून आपली इकडची नोकरी करायची तर: व्हिसा, परमिट आणि टॅक्स सोप्या भाषेत

वर्क फ्रॉम होम रुळल्यापासून आपल्याकडच्या खूप जणांच्या मनात हा विचार येऊन गेलाय, की काम लॅपटॉपवरच करायचंय तर बाणेरच्या फ्लॅटमध्ये बसूनच का करायचं, एखादं वर्ष बाहेर राहून का नाही करता येणार. युरोपचे खर्च बघितले की बरेच जण तिथेच थांबतात, पण आफ्रिकेच्या बाजूला मॉरिशस नावाचा देश आहे जो हे रीतसर करू देतो, आणि आपल्यासाठी तो खरंच सोयीचा आहे. घड्याळात फरक फक्त दीड तासाचा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे १० वाजतात तेव्हा तिकडे साडेआठ, त्यामुळे टीमची मीटिंग कितीलाही असो, झोपमोड होत नाही. मुंबईहून थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं म्हणून फॉर्म वाचायला दुभाष्या लागत नाही.

पण या विषयावर लोक बोलतात तेव्हा सगळं एका शब्दात गुंडाळतात, "व्हिसा मिळतो का?" व्हिसा मिळतो, आणि तुलनेने सहज मिळतो, मात्र तो एवढंच सांगतो की तुम्ही त्या देशात राहू शकता. तिथे बसून कोणासाठी काम करायला परवानगी आहे, टॅक्स कुठल्या देशाला द्यायचा, आणि तुमची कंपनी तुम्हाला तिथून लॉगिन करू देणार का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं व्हिसाच्या कागदावर लिहिलेली नसतात. माझं ठाम मत आहे की ज्यांना पुढे त्रास होतो त्यांना व्हिसामुळे क्वचितच होतो, या तिघांपैकी कशातून तरी होतो. म्हणून व्हिसा समजावून सांगतोच, पण जास्त वेळ बाकीच्यावर घालवणार आहे.

आधी टूरिस्ट म्हणून जाण्याबद्दल, कारण पहिला प्रश्न तोच येतो. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाला पैसे आहेत हे दाखवलं की प्रवेश मिळतो. मग लोक म्हणतात, असंच जाऊन लॅपटॉप उघडला तर कोण बघतंय. आठवड्याच्या सुट्टीत दोन मेल पाहिले याने काही बिघडत नाही, पण महिनोनमहिने राहून पूर्णवेळ काम करायचं असेल तर तुम्ही प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं कारण आणि प्रत्यक्षात करताय ते वेगळं होतं, आणि उद्या अपघात झाला, इन्शुरन्सचा क्लेम करायची वेळ आली, किंवा कंपनीने विचारलं की तुम्ही कुठल्या स्टेटसवर तिथे होतात, तर हातात दाखवायला काही नसतं. रीतसर मार्ग उपलब्ध असताना हा आडमार्ग कशाला घ्यायचा हे मला खरंच कळत नाही.

प्रीमियम व्हिसा म्हणजे काय

कोविडमध्ये मॉरिशसचं पर्यटन ठप्प झालं होतं आणि हा देश तर बऱ्याच अंशी पर्यटनावर चालतो. तेव्हा २०२० च्या शेवटी सरकारने हा प्रीमियम व्हिसा आणला, कल्पना अशी की आठ दिवसांचे पाहुणे येत नसतील तर वर्षभर राहून खर्च करणारे लोक बोलवावेत. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचा बेत असणाऱ्यांसाठी तो आहे, मुदत एक वर्षाची आणि पुढे वाढवता येतो. रिमोट काम करणारे, फ्रीलान्सर, बाहेरच्या देशात धंदा असलेले, निवृत्त लोक, सगळ्यांना चालतो, आणि कुटुंबाला बरोबर नेता येतं.

अटी फार नाहीत. पैसा महिन्याला किमान १५०० डॉलर यायला हवा, म्हणजे आपल्या सव्वा लाखाच्या वर, आणि तुमच्यावर अवलंबून असलेली २४ वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर प्रत्येकामागे आणखी ५०० डॉलर. हा पैसा मॉरिशसच्या बाहेरून आला पाहिजे आणि तुमच्या कामाचं मुख्य ठिकाणही बाहेरच असलं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाची अट अशी की तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरायचं नाही. तिथल्या हॉटेलची वेबसाईट बनवून दिली, तिथल्या मुलांच्या ट्यूशन घेतल्या, तिथल्या कंपनीसाठी पार्टटाईम कोडिंग केलं, यातलं काहीही या व्हिसावर चालत नाही, आणि बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही हाच नियम लागू आहे. पुण्यातल्या किंवा बर्लिनमधल्या कंपनीसाठी कितीही काम करा, त्याला हरकत नाही.

अर्ज ऑनलाईन आहे, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड नावाची सरकारी संस्था आणि तिथलं पासपोर्ट अँड इमिग्रेशन ऑफिस हे दोघं मिळून हा विषय बघतात. व्हिसा सुरू झाला तेव्हा सरकारने त्याला फी ठेवलेली नव्हती, त्यामुळे कोणी एजंट तुमच्याकडून मोठी रक्कम "सरकारी फी" म्हणून मागत असेल तर तिथेच थांबा आणि अर्ज करायच्या दिवशी सरकारी पोर्टलवर काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिथलं बजेट दरवर्षी जूनच्या सुमाराला येतं आणि रेसिडन्सीचे आकडे बदलतात ते बहुतेक त्याच वेळी, म्हणून तीन वर्षांपूर्वीचा एखाद्याचा व्हिडिओ बघून कागद जमवू नका.

कागदपत्रांची यादी साधी आहे. पासपोर्ट, फोटो, तिकीट, राहण्याची सोय, उत्पन्नाचा पुरावा, हेल्थ आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स, कुटुंब असेल तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. यादी साधी असली तरी आपल्या लोकांचं घोडं नेमकं काही ठरावीक ठिकाणी अडतं.

पहिली गोष्ट नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं मिळून येतं, पे स्लिपवर नुसतं नाव आणि आडनाव, बँकेत मधलं फक्त आद्याक्षर, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आपल्याला हे सगळं एकाच माणसाचं आहे हे बघताक्षणी कळतं, परदेशातल्या अधिकाऱ्याला कळत नाही. एचआरकडून पत्र घेताना पासपोर्टवर आहे तसंच्या तसं पूर्ण नाव आणि पासपोर्ट नंबर घालून घ्या, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तसं एक नोटरी केलेलं अॅफिडेव्हिट जवळ ठेवा. जुने जन्मदाखले फक्त मराठीत असतात, ते इंग्रजीत भाषांतर करून नोटरी करा किंवा सरळ महानगरपालिकेतून, ग्रामपंचायतीतून नवीन दोन्ही भाषांतली प्रत काढा, ते जास्त बरं.

दुसरी गोष्ट इन्शुरन्स. घरचा मेडिक्लेम साधारणपणे भारताबाहेर चालत नाही, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी एका ट्रिपला १८० दिवसांपर्यंतच असतात, वर्षभराच्या मुक्कामाला त्या अर्ध्यातच संपतात. एक्स्टेन्शन मिळतं का, की वर्षभराची परदेशी हेल्थ पॉलिसी घ्यायची, हे आधी ठरवा. बीपी, शुगर असेल तर ते पॉलिसीत लिहून घ्या, लपवू नका, कारण नेमका त्याच मुद्द्यावर क्लेम नाकारतात.

तिसरी गोष्ट उत्पन्नाचा पुरावा. नोकरी असेल तर सोपं आहे, पे स्लिप आणि बँक स्टेटमेंटचे आकडे जुळले की झालं. फ्रीलान्सरचा पैसा एका महिन्यात चार लाख आणि पुढच्या महिन्यात शून्य असा येतो, त्यांनी कॉन्ट्रॅक्ट, इन्व्हॉइस, मागच्या वर्षांचे रिटर्न आणि सीएचं सर्टिफिकेट असा गठ्ठा करावा म्हणजे महिन्याची सरासरी दाखवता येते.

कंपनीला काय सांगायचं

माझ्या मते कामाला सुरुवात इथूनच व्हायला हवी, व्हिसाच्या अर्जाच्याही आधी. आपल्या ऑफर लेटरमध्ये रिमोट असं लिहिलेलं असतं आणि आपण त्याचा अर्थ जगात कुठूनही असा घेतो, कंपनीच्या डोक्यात मात्र तो भारतात कुठूनही असा असतो. दोन्हीत खूप फरक आहे आणि कंपन्या या बाबतीत घाबरतात त्याला खरी कारणं आहेत.

एक कारण टॅक्सचं. एखाद्या कंपनीचा माणूस दुसऱ्या देशात बराच काळ बसून काम करतोय, तिकडे ग्राहकांशी बोलतोय, करार ठरवतोय, तर तिथलं सरकार म्हणू शकतं की या कंपनीचं आमच्याकडे कायमचं ठाणं आहे, तेव्हा नफ्याचा वाटा आमच्याकडेही टॅक्सला आणा. एकटा डेव्हलपर घरात बसून कोड लिहितोय तर हा धोका कमी, सेल्समधला माणूस करारावर सह्या करतोय तर जास्त. भारत आणि मॉरिशसमध्ये १९८२ पासून टॅक्सचा करार आहे आणि त्यात कायमचं ठाणं कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे, कंपनीचा टॅक्सवाला ती बघून निर्णय घेऊ शकतो, पण त्याला विचारायला तर पाहिजे.

दुसरं कारण डेटा. क्लायंट बँक असेल, हॉस्पिटल असेल, तर करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की डेटा अमुक देशांतूनच उघडायचा. कंपनीचं व्हीपीएन अशा वेळी दुसऱ्या देशातून आलेलं लॉगिन सरळ अडवतं. काही जण यावर उपाय म्हणून घरी पुण्यात एक राउटर चालू ठेवून त्यातून लॉगिन दाखवतात, म्हणजे आपण घरीच आहोत असं वाटावं. कृपया हे करू नका. सिक्युरिटी टीमला हे कळतं, आणि कळलं की तो विषय व्हिसाचा राहत नाही, कंपनीला फसवल्याचा होतो, त्यात नोकरी जाते आणि पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्येही तो डाग दिसतो.

एचआरकडून लेखी पत्र घ्या, त्यात देशाचं नाव, तारखा, पगार कुठे जमा होणार आणि तुम्ही मॉरिशसमधल्या कोणासाठीही काम करणार नाही हे सगळं असू द्या. हेच पत्र व्हिसाच्या अर्जाला लागतं आणि टॅक्सच्या वेळीही उपयोगी पडतं. पत्र द्यायला कंपनी तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर समजा, मग एक तर कंपनी बदलायची किंवा बेत पुढे ढकलायचा.

टॅक्स, सगळ्यात किचकट भाग

मॉरिशसच्या बाजूने बघू. तिथे टॅक्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. त्या वर्षात १८३ दिवस किंवा जास्त राहिलात, किंवा ते वर्ष आणि मागची दोन वर्षं मिळून २७० दिवस झाले, तर तुम्ही टॅक्ससाठी तिथले रहिवासी ठरता. प्रीमियम व्हिसावाल्यांसाठी तिथल्या रेव्हेन्यू अथॉरिटीने वेगळं स्पष्टीकरण दिलेलं आहे आणि ते आपल्या फायद्याचं आहे. तिथे बसून बाहेरच्या कंपनीसाठी केलेल्या कामाचा पैसा जेव्हा मॉरिशसमध्ये आणला जातो तेव्हाच तो तिथे टॅक्सच्या कक्षेत येतो. बाहेरच्या बँकेच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डने तिथे खर्च केला तर तो पैसा "आणला" असं धरत नाहीत. तिथल्या बँकेत खातं उघडून त्यात जमा केला तर धरतात, पण त्या पैशावर तुमच्या देशात टॅक्स भरलाय असं तुम्ही जाहीर केलंत तर त्यातूनही सुटका आहे. टॅक्स लागलाच तर दर टप्प्याटप्प्याने वाढतात, वरचा टप्पा २० टक्क्यांचा.

हे वाचून लोक खूश होतात आणि म्हणतात चला, टॅक्स वाचला. इथे भारताची बाजू विसरून चालत नाही.

आपल्याकडे वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही निवासी, आणि निवासी माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर इथे टॅक्स आहे. पण १८२ पेक्षा कमी राहिलात म्हणजे आपोआप एनआरआय झालात असं नाही, कारण दुसरी एक अट आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात तरीही निवासीच. नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ही ६० दिवसांची अट लागत नाही, त्याला १८२ चीच लागते. आता इथे खरा प्रश्न आहे, की भारतातल्याच कंपनीची नोकरी चालू ठेवून मॉरिशसला जाऊन बसणं हे "नोकरीसाठी देश सोडणं" झालं का. यावर स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नका, तुमची कागदपत्रं बघून सीएने लेखी मत द्यावं असा हा मुद्दा आहे.

एक उदाहरण घेऊ म्हणजे गुंता दिसेल. समजा एक मुलगी १ सप्टेंबरला मॉरिशसला गेली आणि पुढच्या वर्षी ३१ ऑगस्टला परत आली. भारताच्या पहिल्या आर्थिक वर्षात ती एप्रिल ते ऑगस्ट इथे होती, म्हणजे १५३ दिवस. हे १८२ पेक्षा कमी पण ६० पेक्षा जास्त, आणि मागची चार वर्षं तर ती इथेच होती, त्यामुळे नोकरीसाठी देश सोडणाऱ्यांची ती वरची सवलत लागू नाही झाली तर ती त्या वर्षी भारताची निवासी. दुसऱ्या आर्थिक वर्षात सप्टेंबरपासून ती इथेच आहे, तेव्हा तर प्रश्नच नाही, निवासी. आणि मॉरिशसचं जुलै ते जून वर्ष बघितलं तर सप्टेंबर ते जून ती ३०३ दिवस तिथे होती, म्हणजे तिथलीही रहिवासी. एकाच माणसावर दोन देश हक्क सांगतायत. असं झालं की दोन देशांमधला करार बघायचा, त्यात क्रमाने विचारतात की कायमचं घर कुठे आहे, मग घरदार, कुटुंब, पैशाचे व्यवहार यांचं केंद्र कुठे आहे, मग सवयीने कुठे राहता, मग नागरिकत्व. जिचं घर, आईवडील, गुंतवणूक सगळं पुण्यात आहे तिच्या बाबतीत उत्तर बहुतेक भारत असंच येणार.

म्हणजे वर्षभराच्या मुक्कामासाठी जाणाऱ्या साध्या नोकरदाराने असं धरून चालावं की टॅक्स भारतात भरायचाय, नेहमीसारखा टीडीएस कापला जाणार, फॉर्म १६ येणार, रिटर्न भरायचं. त्यात वाईट काही नाही. उलट भारतात टॅक्स भरल्याचा पुरावा हाच मॉरिशसमध्ये तुमच्या कामाला येतो. आणि एनआरआय ठरलात तरी पगार भारतातल्या खात्यात मिळत असेल तर साध्या नियमाने तो इथे करपात्रच आहे, करारातून सवलत मागायची तर मॉरिशसचं टॅक्स रेसिडन्सी सर्टिफिकेट लागतं.

आणखी एक तरतूद, जी जास्त कमावणाऱ्यांनी नीट वाचावी. २०२० पासून असा नियम आहे की ज्या भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो राहण्याच्या नात्याने दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्सला बांधील नाही, त्याला भारताचा निवासी धरलं जातं, तो वर्षभर इथे पाय ठेवो न ठेवो. तिथेही भरायचा नाही आणि इथेही नाही अशी जी युक्ती काही लोक विकत असतात ती या नियमापुढे टिकत नाही.

इनकम टॅक्सचं निवासीपण आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं निवासीपण हेही दोन वेगळे विषय आहेत. बँक तुम्हाला एनआरओ, एनआरई या एनआरआय लोकांच्या खात्यांबद्दल विचारते ते फेमाच्या हिशोबाने, टॅक्सच्या नाही. जायच्या आधी बँकेला लेखी विचारा की वर्षभरासाठी जातोय, खात्याचं काय करायचं, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास सुद्धा जपा, दिवस मोजायची वेळ आली की तोच पुरावा.

वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर

प्रीमियम व्हिसा हा व्हिसाच आहे, रेसिडन्स परमिट नाही. तो वाढवत राहिलात म्हणून काही वर्षांनी तिथे कायमचं राहण्याचा हक्क तयार होत नाही. तिथे खरंच बस्तान बसवायचं असेल तर ऑक्युपेशन परमिट हा रस्ता आहे, त्यात राहण्याची आणि काम करण्याची परवानगी एकत्र मिळते आणि २०२० मधल्या बदलांनंतर ती १० वर्षांपर्यंतची असू शकते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. प्रोफेशनल म्हणजे तिथल्या कंपनीत नोकरी, अर्ज कंपनीमार्फत होतो आणि पगाराची किमान मर्यादा असते. इन्व्हेस्टर म्हणजे तिथे पैसे घालून धंदा. आणि सेल्फ एम्प्लॉइड, जो फ्रीलान्सरला जवळचा वाटतो, त्यात सेवा क्षेत्रातलं काम एकट्याने करायचं, सुरुवातीला ठरावीक रक्कम तिथल्या बँकेत आणायची आणि पुढे वर्षाला ठरावीक उलाढाल दाखवायची. ही सुरुवातीची रक्कम बरीच वर्षं ३५,००० डॉलर होती, आता अर्ज करताना चालू आकडा बोर्डाकडूनच घ्या. तिथे शिकलेल्या मुलांसाठी यंग प्रोफेशनल नावाचा वेगळा प्रकार आहे. या सगळ्यांना वैद्यकीय तपासण्या लागतात, टॅक्स तिथे भरावा लागतो, आणि काही वर्षं निकष पूर्ण केले की २० वर्षांच्या पर्मनंट रेसिडन्स परमिटला अर्ज करता येतो.

५० च्या पुढच्यांना निवृत्त म्हणून वेगळं परमिट आहे, आणि सरकारमान्य प्रकल्पात ३,७५,००० डॉलर किंवा जास्तीचं घर घेतलं तर घर तुमच्या नावावर असेपर्यंत राहता येतं. हा शेवटचा पर्याय आपल्यासारख्या पगारदारांचा नाही, पण बिल्डरच्या जाहिरातींमध्ये तोच सगळ्यात पुढे असतो म्हणून सांगितलं.

माझा सल्ला मागितलात तर पहिलं वर्ष प्रीमियम व्हिसावर काढा, देश अंगवळणी पडतो का बघा, मग परमिटचा विचार करा. पैसे गुंतवून मग आवडलं नाही म्हणणं फार महाग पडतं.

आफ्रिकेतले बाकीचे देशही अशा व्हिसाच्या मागे लागलेत. नामिबियाचा डिजिटल नोमॅड व्हिसा सहा महिन्यांचा आहे आणि महिन्याला २००० डॉलर मागतो. दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये रिमोट कामाचा व्हिसा आणला पण वर्षाला साडेसहा लाख रँडच्या वर उत्पन्न हवं. केप व्हर्दचा मस्त दिसतो पण तो युरोप, उत्तर अमेरिका आणि काही ठरावीक देशांच्या पासपोर्टपुरता आहे, भारतीयांना उपयोगाचा नाही. हे सगळं धरून मला आपल्या माणसासाठी मॉरिशसच पुढे वाटतो.

तिथे गेल्यावर

राहायला कुठे, यावर थोडं. ग्राँ बे, फ्लिक आँ फ्लाक, तामारँ या समुद्रालगतच्या जागा परदेशी लोकांनी भरलेल्या आणि महाग. कात्र बोर्न, रोझ हिल, वाक्वा हा मधला उंचवट्याचा पट्टा तुलनेने स्वस्त, थंड, आणि रोजचं आयुष्य तिथे जास्त दिसतं, भाजीबाजार आहे, एबेनच्या सायबर सिटीला जवळ आहे. राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत मेट्रो धावते, ती आपल्या एल अँड टीने बांधलेली आहे, तिच्या मार्गावर घर घेतलं तर गाडीशिवाय भागतं. घराचे करार बऱ्याचदा फ्रेंचमध्ये असतात, सही करायच्या आधी भाषांतर करून घ्या, डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळणार ते विशेष बघा. घर बघताना मालकाला घराचं लाईट बिल मागा आणि फायबरचं कनेक्शन चालू आहे का ते स्वतः टेस्ट करा. फायबर बेटावर जवळपास सगळीकडे पोचलंय, पण त्या घरात ते असेलच असं नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. तिथे चक्रीवादळाचा इशारा एक ते चार अशा क्लासमध्ये देतात, वरच्या क्लासला सगळं बंद होतं आणि घरातच थांबावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या होत्या. मॅनेजरला हे आधीच सांगून ठेवा की एखादा दिवस इंटरनेट जाऊ शकतं, आणि डेडलाईन त्या हिशोबाने घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे आपलं यूपीआय आणि रुपे सुरू झालंय, सगळ्या दुकानांत नाही पण आहे. कार्डवर फॉरेक्स मार्कअप किती लागतो ते जायच्या आधी तपासा, वर्षभराच्या खर्चावर ती रक्कम मोठी होते.

आणि आपली माणसं. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून बेटावर नेलेल्या भारतीयांमध्ये कोकणातून गेलेले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकता येते, मराठी मंडळी फेडरेशन आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. २०२३ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला गेला. या मंडळींशी ओळख करून घ्या, त्यांच्या कार्यक्रमांना जा. त्यांच्या कितीतरी पिढ्या तिथे गेल्यात, तेव्हा ते मॉरिशसचे आहेत हे लक्षात ठेवून जा, तुमच्यासाठी घर शोधून देणारी फुकटची एजन्सी म्हणून त्यांच्याकडे बघू नका. मंडळात मदत केलीत, शिकवलंत तर आनंदाने करा, फक्त पैसे घेऊ नका, कारण मानधन घेतलं की ते स्थानिक काम होतं आणि व्हिसाची अट मोडते.

व्हिसा वाढवायचा असेल तर मुदत संपायच्या दीडदोन महिने आधी कामाला लागा. पुन्हा तेच कागद लागतील, नवीन तारखेचं एचआरचं पत्र, ताजी पे स्लिप, पुढच्या वर्षाचा इन्शुरन्स, आणि भारतात भरलेल्या रिटर्नची प्रत. वाढवायचा नसेल तर निघताना तिथलं बँक खातं उघडलं असेल ते बंद करा, त्या खात्याचं शेवटचं स्टेटमेंट घ्या, आणि भारतातलं रिटर्न भरताना ते परदेशी खातं दाखवायला लागतं का हे सीएला विचारून घ्या. निवासी म्हणून रिटर्न भरणाऱ्याने परदेशी खातं जाहीर करायचं असतं, त्यात शंभर रुपये असले तरी.